‘फॉर्मर’ की ‘फार्मर’? एका घरगुती करारातील दोन शब्दांचे प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील माणसांची आणि गावाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. कागदातील शब्द मात्र जसे होते तसेच ठेवले आहेत, कारण सगळा वाद त्या शब्दांवरूनच उभा राहिला होता.

मी बेळगाव परिसरातील एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवीत होतो. निवृत्तीनंतर ओळखीचे लोक कागद समजून घेण्यासाठी येऊ लागले आणि हळूहळू भाषांतराचे काम अंगावर पडत गेले. सीमाभागातील मराठी घरात जमिनीचे कागद एका भाषेत क्वचितच सापडतात. आजोबांच्या वेळचे कागद मुंबई इलाख्याच्या काळातले, म्हणून मोडीत किंवा मराठीत असतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि १९६३ च्या राजभाषा कायद्यानंतर सरकारी कारभार क्रमाक्रमाने कन्नडमध्ये गेला, म्हणून वडिलांच्या वेळचे उतारे कन्नडमध्ये असतात. आणि वकिलाकडून किंवा शिकलेल्या नातेवाइकाकडून लिहवून घेतलेला एखादा मसुदा इंग्रजीत असतो. एकाच ट्रंकेत तीन भाषा असतात आणि घरात तिन्ही वाचू शकणारा माणूस बहुधा एकही नसतो.

खानापूर तालुक्यातील एका कुटुंबाचे असेच होते. सुमारे तीस वर्षांपूर्वी त्या घरातील लेकीने वडिलांकडून आपल्या वाट्याला आलेली १ एकर १४ गुंठे जमीन सख्ख्या भावाला विकली आणि विहिरीला लागून असलेली १२ गुंठ्यांची पट्टी स्वतःकडे ठेवली. विक्रीखत रीतसर नोंदवले गेले. त्याशिवाय बहीण-भावांनी आपसातला एक दोन पानी करार केला. तो मुंबईत नोकरी करणाऱ्या एका नातेवाइकाने इंग्रजीत टाइप करून दिला. पुढे कृषी पत्तीन संघात, म्हणजे शेतकऱ्यांच्या सहकारी पतसंस्थेत, दाखवता यावा म्हणून गावातल्या एका कारकुनाने त्याची कन्नड प्रत हाताने लिहून काढली. इंग्रजी मूळ बहिणीच्या सासरी, गडहिंग्लज तालुक्यात, ट्रंकेच्या तळाशी गेले. गावात चालली ती कन्नड प्रत.

भाऊ वारला. त्याला दोन मुलगे आहेत. थोरला गावात राहून जमीन कसतो. तो कन्नड शाळेत शिकलेला आहे, घरी मराठी बोलतो, पण वाचायला त्याला कन्नडच सोपे जाते. धाकटा पुण्याला नोकरीला आहे. आत्याला कन्नड वाचता येत नाही. धाकट्याने आपला हिस्सा विकायचे ठरवले, तेव्हा जुन्या कराराची आठवण निघाली आणि थोरल्याने कन्नड प्रतीवरून एका टायपिंगच्या दुकानात मराठी भाषांतर करून घेतले. ते भाषांतर घेऊन आत्या आणि थोरला भाचा दोघेही माझ्याकडे आले.

अडचण

मराठी भाषांतरातील पहिले कलम असे होते: ‘विक्रीपूर्वी सदर जमीन शेतकरी मालकास प्रथम देऊ करावी.’ थोरल्याचा अर्थ सरळ होता. जमीन मी कसतो, म्हणून शेतकरी मालक मी. धाकट्याला विकायची असेल तर त्याने आधी मला विचारले पाहिजे. विहिरीच्या कलमात ‘शेतकऱ्याने दिवसा व नंतर रात्री पाणी घ्यावे’ असे होते. म्हणजे दिवसाचे पाणीही त्याचे आणि रात्रीचेही त्याचेच. पुढे ‘उरलेले पाणी गावातील कोणत्याही शेतकऱ्यास द्यावे’ असे एक वाक्य होते. तिसरे कलम १२ गुंठ्यांच्या पट्टीचे: ‘ती पट्टी शेतकरी मालकाकडे राहील.’

मी हे वाचून दाखवीत असताना आत्यांनी मध्येच थांबवले. “माझी पट्टी ह्याच्याकडं कशी राहील? तवा वाचून दाखवताना आधीची मालकीण असं म्हटलंतं की,” त्या म्हणाल्या. थोरला गप्प झाला. ती पट्टी आत्यांची आहे हे त्यालाही ठाऊक होते, गावालाही ठाऊक होते. तो काही लबाडी करायला आला नव्हता. त्याच्या हातातला कागद त्याला जे सांगत होता तेच तो प्रामाणिकपणे सांगत होता आणि त्या कागदातील एक कलम उघडपणे चुकीचे निघाल्यावर उरलेली कलमे किती धरायची, हे त्यालाही कळेनासे झाले.

मी कन्नड प्रतीची झेरॉक्स मागून घेतली. कारकुनाचे अक्षर सुरेख होते. तीन ठिकाणी त्याने ‘फार्मर ओनर’ असे इंग्रजी शब्द कन्नड अक्षरांत लिहिले होते. विहिरीच्या वाक्यात नुसते ‘फार्मर’ आणि त्यापुढे ‘ल्याटर’ असे होते. आणि गावातल्या गरजू माणसाला पाणी देण्याच्या वाक्यात त्याने ‘रैत’ हा शब्द लिहिला होता. रैत म्हणजे कन्नडमध्ये शेतकरी. आपली ‘रयत’ आणि त्यांचा ‘रैत’ हे दोन्ही एकाच अरबी शब्दावरून आले आहेत.

मी इथे बराच वेळ थांबलो. शेतकऱ्यासाठी ‘रैत’ हा रोजच्या वापरातला शब्द ज्याला ठाऊक आहे आणि ज्याने तो त्याच कागदात वापरला आहे, तो माणूस दुसरीकडे तीन-तीनदा ‘फार्मर’ कशाला लिहील? याचे एकच सयुक्तिक उत्तर मला दिसले. ते दोन वेगळे शब्द असले पाहिजेत. मुळात जिथे ‘फार्मर’ होते, तिथे त्याने भाषांतर केले. जिथे ‘फॉर्मर’, म्हणजे पूर्वीचा, होते, तिथे कायद्याचा काही खास शब्द असावा असे समजून त्याने हात न लावता तो तसाच उतरवला.

दोन शब्द आणि तीन लिप्या

‘फॉर्मर’ आणि ‘फार्मर’ यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. ‘फॉर्मर’चे मूळ जुन्या इंग्रजीतील ‘पहिला’ या अर्थाच्या ‘फॉर्मा’ या शब्दात आहे. पुढचा, आधीचा, अग्रभागीचा अशा अर्थाच्या ‘फोर’ आणि ‘फोरमोस्ट’ या शब्दांशी त्याचे नाते आहे. आपण ‘फारम भरला’ म्हणतो तो ‘फॉर्म’ लॅटिन भाषेतला असून त्याच्याशीही ‘फॉर्मर’चा संबंध नाही. ‘फार्मर’ फ्रेंचमार्गे लॅटिनमधून आला. त्याच्या मुळाशी ‘पक्के करणे, ठरवून देणे’ अशा अर्थाचे क्रियापद आहे आणि ‘फार्म’ म्हणजे मुळात ठरलेली रक्कम, ठरलेला खंड. जमिनीचा ठरीव खंड भरणारा तो फार्मर. सरकारला ठरीव रक्कम देऊन महसूल गोळा करणाराही फार्मरच. जमीन कसणारा हा अर्थ सोळाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाला.

म्हणून कंपनीच्या काळातील इंग्रजी कागदात ‘फार्मर’ दिसला तर शेतकरी असा अर्थ घाईने लावू नये. वॉरन हेस्टिंग्जने १७७२ मध्ये बंगालमध्ये पाच वर्षांच्या बोलीने महसूल लिलावात दिला, तेव्हा ज्यांना ‘फार्मर’ म्हटले गेले ते आपल्या भाषेत इजारदार किंवा मक्तेदार होते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात आपल्याकडेही इजाऱ्याने महसूल देण्याची पद्धत बोकाळली होती. तिच्यात शेत कसणारा एकीकडे आणि इजारदार दुसरीकडे असे. अनेकदा तर ते एकमेकांच्या विरुद्ध उभे असत. हे विषयांतर वाटेल, पण जुने कागद वाचणाऱ्याने ते ध्यानात ठेवावे.

वापरातला फरक अधिक कामाचा आहे. ‘फॉर्मर’ हे विशेषण असून ते नामाच्या आधी येते: फॉर्मर मिनिस्टर म्हणजे माजी मंत्री, फॉर्मर ओनर म्हणजे पूर्वीचा मालक. ‘तो मंत्री फॉर्मर आहे’ अशी रचना इंग्रजीत होत नाही. ‘फार्मर’ हे नाम आहे, त्याचे अनेकवचन होते, आणि ‘तो फार्मर आहे’ असे सहज म्हणता येते. घोटाळा होतो तो ‘फार्मर’ दुसऱ्या नामाच्या आधी आला म्हणजे. फार्मर लीडर म्हणजे शेतकरी नेता, फॉर्मर लीडर म्हणजे माजी नेता. साखर कारखान्याच्या कागदात फार्मर मेंबर म्हणजे शेतकरी सभासद, फॉर्मर मेंबर म्हणजे माजी सभासद. अशा जोड्यांत वाक्यरचना काही सांगत नाही. एक स्वर तेवढा फरक सांगतो.

‘फॉर्मर’चा आणखी एक उपयोग आहे आणि या प्रकरणात तोच सर्वांत घातक ठरला. दोन व्यक्तींचा किंवा वस्तूंचा उल्लेख करून पुढे ‘द फॉर्मर’ आणि ‘द लॅटर’ असे म्हटले, तर ‘द फॉर्मर’ म्हणजे त्या दोहोंपैकी आधी नाव घेतलेला आणि ‘द लॅटर’ म्हणजे नंतर नाव घेतलेला. इथे माजी, पूर्वीचा, जुना या अर्थाचा लवलेशही नसतो. फक्त वाक्यातला क्रम पाहायचा असतो. मराठीत आपण ‘पहिला’ आणि ‘दुसरा’ म्हणतो, किंवा सरळ नावे पुन्हा घेतो. नावे पुन्हा घेणेच अधिक सुरक्षित.

आता लिपीचा प्रश्न. मराठीत या स्वरासाठी ‘ऑ’ आहे, म्हणून आपण डॉक्टर, कॉलेज, कॉफी असे लिहितो. कन्नडमध्ये रूढ लेखनात त्यासाठी वेगळी खूण वापरत नाहीत. तिथे काना देऊन ‘डाक्टर’, ‘कालेजु’, ‘काफी’ असेच लिहितात आणि वाचणारा ओळखीचा शब्द बरोबर उच्चारतो. बेळगावात दोन भाषांतील पाट्या एकाखाली एक वाचत फिरले की हा फरक पदोपदी दिसतो. तेव्हा कारकुनाने ‘फॉर्मर’ ऐवजी ‘फार्मर’ लिहिले यात त्याची चूक नव्हती. त्याच्या लिपीत तो शब्द असाच लिहिला जातो. ‘ल्याटर’ही तसेच. मराठीत ॲ या स्वरासाठी आपण अर्धचंद्र काढतो, कन्नडमध्ये ‘ब्यांक’ लिहितात तसा ‘या’ जोडून तो लिहितात. जुन्या मराठी छापील मजकुरातही ‘डाक्तर’ आणि ‘ब्यांक’ सापडतात.

याला लिपीचा उणेपणा कोणी म्हणू नये, कारण दुसऱ्या बाजूने पाहिले तर कन्नड लिपी ए आणि ओ यांचे ऱ्हस्व-दीर्घ वेगळे दाखवते आणि आपण ते दाखवत नाही. पत्र या अर्थाचा ‘लेटर’ आणि नंतर या अर्थाचा ‘लेटर’ हे मराठीत सारखेच लिहिले जातात. कन्नडमध्ये ते वेगळे दिसतात. प्रत्येक लिपी काही भेद राखते आणि काही सोडते. धोका तेव्हा असतो, जेव्हा शब्द एका लिपीतून दुसरीत आणि दुसरीतून तिसरीत जातो आणि मधल्या मुक्कामावर सुटलेला भेद शेवटच्या वाचकाला दिसतच नाही. टायपिंगच्या दुकानातील माणसाने ‘फार्मर’ वाचले आणि ‘शेतकरी’ लिहिले. ‘ल्याटर’ त्याला लागला नसावा. तो त्याने ‘नंतर’ केला. इतक्या साध्या दोन पावलांत आत्यांचे पाणी कागदावरून पुसले गेले.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय म्हणजे मराठी भाषांतरातच दुरुस्ती करणे. तो सर्वांत लवकर होणारा होता आणि दोघेही समोर बसलेले होते. दुसरा पर्याय, कन्नड प्रत हीच गावाने मानलेली प्रत धरून तिच्यावरून एखाद्या कन्नड जाणकाराकडून नवे भाषांतर घेणे. पण ज्या प्रतीत मूळ शब्दच पुसट झाला आहे, तिचे कितीही चांगले भाषांतर केले तरी तो शब्द परत येणार नव्हता. तिसरा पर्याय इंग्रजी मूळ शोधून त्यावरून मराठी आणि कन्नड अशी दोन्ही भाषांतरे नव्याने करणे हा होता. चौथा, थेट वकिलाकडे जाणे. थोरल्याला चौथा पर्याय नको होता. खर्चापेक्षा, आत्याविरुद्ध वकील केला असे गावात होईल याची त्याला धास्ती वाटत होती.

मूळ कागद आत्यांकडे आहे हे त्यांनी त्याच दिवशी सांगितले होते. “तो इंग्रजी हाय, कुणाला कळतोय,” असे म्हणून त्यांनी तो आणला नव्हता. तिसरा पर्याय निवडायला त्याच वेळी सर्व काही उपलब्ध होते. तरीही मी पहिला पर्याय निवडला.

प्रत्यक्ष कृती

‘रैत’ आणि ‘फार्मर’ यांच्या फरकावरून माझा तर्क पक्का झाला होता आणि त्या पक्केपणातच घात होता. टायपिंगच्या दुकानातून फाइल मागवली आणि संगणकावर ‘शेतकरी मालक’ च्या जागी सर्वत्र ‘माजी मालक’ घातले. मग उरलेल्या ठिकाणी ‘शेतकऱ्या’ च्या जागी ‘माजी मालका’ हेही एका झटक्यात बदलले, छापून काढले आणि थोरल्याच्या हाती दिले. आत्या तोवर गावी परतल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आला. “सर, रात्रंदिवस पाणी आत्यानंच घ्यायचं काय? मग मी काय करू?”

मी कागद काढून पाहिला. विहिरीचे वाक्य आता ‘माजी मालकाने दिवसा व नंतर रात्री पाणी घ्यावे’ असे झाले होते. आधीच्या भाषांतराने सगळे पाणी भाच्याला दिले होते. माझ्या दुरुस्तीने ते सगळे आत्यांना दिले. शेवटचे वाक्य तर ‘उरलेले पाणी गावातील कोणत्याही माजी मालकास द्यावे’ असे झाले होते. जिथे कारकुनाने खरोखरच ‘रैत’ लिहिला होता, तिथलाही शेतकरी मी घालवला होता. हे दुसरे वाक्य अर्थहीन असल्यामुळे कोणाच्याही लक्षात आले असते. विहिरीचे वाक्य मात्र सरळ आणि अर्थपूर्ण वाटत होते आणि त्यामुळेच ते अधिक वाईट होते. त्या संध्याकाळी ते घरात मोठ्याने वाचले गेले, पुण्याला धाकट्याला फोन झाला आणि आत्याने मास्तरांना आपल्या बाजूने वळवले असा समज होऊन बसला. पुढचे आठ दिवस थोरला माझ्याकडे आला नाही.

मी स्वतः आत्यांच्या गावी गेलो. ट्रंकेतून कागद निघाला तेव्हा त्याच्या घड्या फाटायला आल्या होत्या, पण टाइप स्पष्ट होता. पहिले कलम: ‘बिफोर एनी सेल द लँड शॅल बी ऑफर्ड टू द फॉर्मर ओनर.’ तर्क खरा ठरला होता. तिसऱ्या कलमातही ‘फॉर्मर ओनर’ होते, म्हणजे पट्टी आत्यांचीच. मग विहिरीचे वाक्य वाचले आणि माझी चूक मला पुरती कळली: ‘द परचेसर अँड द फॉर्मर ओनर शॅल यूज द वेल, द फॉर्मर बाय डे अँड द लॅटर बाय नाइट.’

एकाच वाक्यात ‘फॉर्मर’ दोनदा आला होता आणि दोन्ही वेळा वेगळ्या माणसासाठी. पहिला ‘फॉर्मर ओनर’ म्हणजे पूर्वीची मालकीण, आत्या. पुढचा ‘द फॉर्मर’ म्हणजे वाक्यात आधी नाव घेतलेला, अर्थात खरेदीदार, म्हणजे भाऊ. दिवसाचे पाणी भावाचे आणि रात्रीचे आत्यांचे. लिहिणाऱ्याने असे वाक्य करायला नको होते. इंग्रजी नीट जाणणारा माणूससुद्धा इथे अडखळेल. कन्नड प्रतीत मात्र अडखळण्याचीही सोय उरली नव्हती, कारण दोन्ही ठिकाणी फक्त ‘फार्मर’ होते. आणि शेवटच्या वाक्यात, जिथे कारकुनाने ‘रैत’ लिहिला, तिथे मुळात खरोखरच ‘एनी फार्मर ऑफ द व्हिलेज’ होते. त्या कारकुनाने हा एक शब्द भाषांतरित केला नसता तर मला काहीच सुचले नसते, हे इथे नोंदवले पाहिजे.

त्यानंतर मूळ कागदावरून दोन्ही भाषांतरे नव्याने केली. कन्नड भाषांतर मी माझ्या एका जुन्या सहकाऱ्याकडून करून घेतले आणि त्याला एकच अट घातली: एकही इंग्रजी शब्द कन्नड अक्षरांत उतरवायचा नाही. त्याने ‘हिंदिन मालीक’ असा शब्द घातला. हिंदिन म्हणजे मागचा, आधीचा. तो वाचून शेतकरी असा अर्थ कोणालाही लावता येणार नाही.

मराठीतल्या शब्दावर मात्र मी दोन दिवस घालवले. ‘माजी’ हा आपल्याकडे पदाला चिकटलेला शब्द आहे: माजी आमदार, माजी सरपंच. कन्नडनेही तो त्याच अर्थाने उचलला आहे. जमिनीच्या मालकाला ‘माजी’ म्हटले की मालकी हे जणू एखादे पद होते असे वाटते. ‘मूळ मालक’ ऐकायला बरे वाटते, पण ते चुकीचे ठरले असते. जमीन आत्यांकडे त्यांच्या वडिलांकडून आली होती, तेव्हा मूळ मालक कोण हा नवाच वाद निघाला असता. ‘भूतपूर्व’ घरातल्या कोणाच्या तोंडचा शब्द नव्हता. शेवटी ‘पूर्वीची मालकीण’ ठरले. इंग्रजी ‘ओनर’ला लिंग नाही आणि मराठीला ते सांगावेच लागते, म्हणून ‘मालकीण’ लिहिताना मी वरच्या ओळीतील नावाकडे पुन्हा पाहिले. विहिरीच्या कलमात ‘द फॉर्मर’ आणि ‘द लॅटर’ यांचे शब्दशः भाषांतर न करता ‘खरेदीदाराने दिवसा व पूर्वीच्या मालकिणीने रात्री’ असे लिहिले आणि मूळ इंग्रजी रचना कशी आहे याची टीप समासात दिली. भाषांतरकाराने आपल्या मनाने अर्थ घातला, असे पुढे कोणाला वाटू नये म्हणून ती टीप आवश्यक होती.

या कराराला कायद्याने किती वजन आहे, तो भावाच्या मुलांवर कितपत बंधनकारक आहे आणि आत्यांच्या पश्चात त्यांच्या वारसांना तो हक्क पोचतो की नाही, हे प्रश्न माझे नव्हते. मूळ दस्तऐवज हाच प्राथमिक पुरावा असतो, तो जपून ठेवावा, एवढे सांगून मी त्यांना त्या कामासाठी वकिलाकडे जायला सांगितले. या वेळी थोरल्यानेही नकार दिला नाही. आत्या आणि तो एकत्रच जाणार होते.

निष्पत्ती

तिघे एकदा माझ्या घरी बसले. धाकटा त्यासाठी पुण्याहून आला. इंग्रजी मूळ मध्ये ठेवले आणि प्रत्येक ‘फॉर्मर’खाली मी शिसपेन्सिलीने हलकी खूण करून तो कोणासाठी आहे ते सांगितले. थोरल्याने सावकाश नवी कन्नड प्रत वाचली, मग तीच आत्यांना मराठीत सांगितली. पहिल्या कलमावरचा आपला दावा चुकीचा होता हे त्याने फारशी खळखळ न करता मान्य केले. त्याला खरे बोचले होते ते पाण्याचे, आणि दिवसाचे पाणी कागदानेच त्याच्या वडिलांना दिले होते.

आत्यांना जमीन विकत घ्यायची नव्हती. आपल्याला आधी विचारले गेले एवढेच त्यांना हवे होते. आपण घेत नाही, थोरल्याला विचारा, असे त्यांनी लिहून दिले. विहिरीची वाटणीही बदलली. पंपाची थ्री-फेज वीज कधी दिवसा तर कधी रात्री पाळीने येते, तेव्हा दिवस-रात्रीची जुनी विभागणी आता कोणाच्याच सोयीची नव्हती. त्यांनी एक दिवसाआड असे ठरवले आणि ते दोन्ही भाषांत लिहून सह्या केल्या. धाकट्याच्या हिस्स्याची किंमत मात्र ठरली नाही. दोघा भावांचे आकडे जुळत नाहीत आणि तो वाद शब्दांचा नाही.

वेगळे काय करता आले असते

मूळ कागद अस्तित्वात आहे हे कळल्यानंतर तो पाहिल्याशिवाय मी एक अक्षरही बदलायला नको होते. माझा तर्क बरोबर ठरला हे खरे, पण तो शब्द कोणता होता एवढेच त्याने सांगितले. प्रत्येक ठिकाणी तो कोणत्या अर्थाने आला आहे, हे कळायला पूर्ण वाक्य समोर लागते. संगणकावर एका आज्ञेत सर्वत्र बदल करण्याची सोय अशा कामात वापरायचीच नाही, असे मी तेव्हापासून ठरवले आहे. एकेक जागा वाचून बदलायची आणि शेवटी सगळा कागद मोठ्याने वाचायचा, तोही ज्याचे नुकसान होऊ शकते अशा माणसासमोर. आत्यांनी ऐकताना चूक पकडली, भाच्याने वाचताना पकडली. मला एकट्याला टेबलाशी बसून ती दिसली नव्हती.

दुसरी चूक कागद एकाच पक्षाच्या हाती दिला ही होती. आत्या परतल्या आहेत हे ठाऊक असताना थोरल्याला छापील प्रत देण्याची घाई नव्हती. दोघांना एकाच वेळी दिली असती, तर मी बाजू घेतली असा समज झाला नसता.

टायपिंगच्या दुकानात आणि माझ्याकडे जे कागद येतात, त्यांच्यासाठी मी आता एक वही ठेवली आहे. कन्नड अक्षरांतला इंग्रजी शब्द दिसला की आधी त्याच्या प्रत्येक कान्याच्या जागी ‘ऑ’ ठेवून वाचून पाहायचे: हाल की हॉल, बाल की बॉल, फार्म की फॉर्म. दोन्ही अर्थ वाक्यात बसत असतील तर भाषांतर थांबवून मूळ मागायचे. आणि मराठीत लिहिताना तो अर्धचंद्र विसरायचा नाही. घाईत टाइप करताना तो गाळणारे अनेक आहेत, मीही गाळत असे. वहीच्या पहिल्या पानावर ‘फार्मर’ आहे, त्यापुढे तीन अर्थ लिहिले आहेत: शेतकरी, पूर्वीचा, आणि दोघांपैकी आधी नाव घेतलेला. टायपिंगच्या दुकानातील मुलाने त्या पानाची झेरॉक्स नेऊन आपल्या संगणकाशेजारी चिकटवली आहे.